मॉडेल रेल्वेचा वेग आणि ब्रेक

डिजिटल नियंत्रणावर चालणाऱ्या मॉडेल रेल्वेत प्रत्येक इंजिनाच्या पोटात डीकोडर बसवलेला असतो. रुळांतून विजेबरोबर आज्ञाही येतात आणि मोटर किती फिरवायची ते डीकोडर ठरवतो. शेकडो टनांची खरी गाडी सावकाश वेग घेते. हलके मॉडेल मात्र नॉब फिरवताच उसळी मारते. खऱ्या गाडीचा जडपणा त्याला आकड्यांनी द्यावा लागतो.

अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या मानकानुसार वेगवाढीचा आकडा सीव्ही ३ मध्ये (सीव्ही म्हणजे डीकोडरमधला सेटिंग साठवण्याचा क्रमांकित कप्पा) आणि वेग घटण्याचा सीव्ही ४ मध्ये भरतात. त्याला ०.८९६ ने गुणले की शून्य ते कमाल वेग या प्रवासाचे सेकंद ढोबळमानाने मिळतात. ५० भरले, तर सुमारे ४५ सेकंद.

ब्रेकचा हिशेब जास्त नाजूक, कारण तिथे रुळांची लांबी आड येते. एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात, ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २५ सेंटीमीटर. हा कमाल वेग धरला आणि सीव्ही ४ मध्ये २० भरले, तर थांबायला १८ सेकंद आणि सुमारे सव्वादोन मीटर रूळ लागतो. ५० भरले तर साडेपाच मीटरांहून जास्त! घरात एवढा सरळ रूळ क्वचितच मावतो. म्हणून सीव्ही ३ मोठा आणि सीव्ही ४ बेताचा ठेवणेच उत्तम.

त्याआधी दोन्ही आकडे शून्यावर ठेवून सुरुवातीचा व्होल्टेज (सीव्ही २) आणि कमाल वेग (सीव्ही ५) जुळवून घ्यावेत. आणीबाणीच्या थांब्याची आज्ञा मिळाली, तर डीकोडर सीव्ही ४ कडे पाहत नाही. गाडी जागीच थांबवतो.