दाराशीं उभी असलेली रुई

शनिवारीं मारुतीस रुईच्या पानांची माळ वाहण्याचा प्रघात पुष्कळ घरांतून आहे. परंतु त्या झाडापाशीं घटकाभर उभें राहण्याची सवड कितीजणांस असते? दादर-परळकडे रेल्वेच्या कुंपणाशीं, लालबागच्या पडक्या भिंतींच्या आश्रयानें, तें कोणी न लावतां वाढतें व वर्षाचा बहुतेक काळ फुललेलें असतें. आम्ही तें कित्येक वर्षें पाहत आलों आहों.

ऊन चढूं लागलें म्हणजे मोठा काळा भुंगा येतो. रुईचा पराग इतर फुलांप्रमाणें धुळीसारखा सुटा नसतो. त्याच्या लहान लहान जोडपुड्या बांधलेल्या असतात. भुंगा मधासाठीं फुलावर बसला कीं त्या त्याच्या पायांस अडकतात व दुसऱ्या फुलाच्या खांचेंत जाऊन पडतात. तेव्हां फळ धरतें. आणि तें उकललें म्हणजे मुलांच्या ओळखीची 'म्हातारी' वाऱ्यावर उडते. भुंगा नाहीं तर म्हातारी नाहीं!

पान उलटून पाहावें. तेथें काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट चरत असतो. पुढें त्याचेंच 'बिबळ्या कडवा' हें नारिंगी फुलपाखरूं होतें. रुईचा विषार त्याच्या अंगीं मुरलेला असल्यानें एकदां चव घेतलेला पक्षी पुन्हां त्याच्या वाटेस जात नाहीं. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा, त्यास खाणारे ढालकिडे. आणि फुलाआड कधीं खेकड्यासारखा तिरपा चालणारा कोळी. हा जाळें विणीत नाहीं. पाय पसरून दबा धरतो व मध पिण्यांत गुंगलेल्या माशीची मानच पकडतो.

असें पाहण्याची परंपरा मुंबईस नवी नाहीं. १८८३ सालीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ गृहस्थांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपल्यांतलेच होते. आज मात्र गिरण्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या, मोकळी जमीन फरसबंद झाली. उरल्यासुरल्या कोपऱ्यांतील रुई केर म्हणून उपटली जाते. त्याबरोबर तिच्या आश्रयाचें सारें कुटुंबच उठतें. कारण ह्या सुरवंटास आंब्याचें वा गुलाबाचें पान चालत नाहीं.

म्हणून सुटीच्या दिवशीं मुलांस अर्धा तास तेथें न्यावें. चीक डोळ्यांत जाऊं नये एवढी खबरदारी घ्यावी. कोण आलें, किती वेळ बसलें, तें वहींत टिपावें. माळेसाठीं पानें तोडणारांनीं प्रत्येक पान उलटून पाहावें. सुरवंट असल्यास तें झाडासच राहूं द्यावें. मारुतिरायास त्यानें कांहीं उणें पडणार नाहीं.