स्नॅपशॉट घेताना येणारे डिस्क-दोषांचे संदेश

स्नॅपशॉट या शब्दाने छायाचित्राचा बोध होतो, आणि आभासी यंत्रांच्या बाबतीत घोटाळ्याचे मूळ पुष्कळदा या शब्दातच असते. छायाचित्र ही मूळ वस्तूपासून अलग झालेली प्रत होय. स्नॅपशॉट तशी प्रत नव्हे. व्हीएमवेअर या प्रणालीत स्नॅपशॉट घेताच मूळ डिस्क-फाइलीत लिहिणे थांबते आणि पुढील फेरफार तेवढे एका नव्या फाइलीत नोंदले जाऊ लागतात. पहिलीस जनक व दुसरीस अपत्य म्हणतात. पोथीच्या पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर दुरुस्त्या लिहाव्यात, तसा हा प्रकार आहे. खालचे पान काढून घेतले किंवा बदलले, तर दुरुस्त्यांना अर्थ उरत नाही.

नवा स्नॅपशॉट घेताना अथवा यंत्र सुरू करताना ‘अपत्य निर्माण झाल्यानंतर जनक डिस्कमध्ये बदल करण्यात आला आहे’ अशा आशयाचा संदेश येतो. कर्मणि प्रयोगातील या वाक्यात कर्ता गाळलेला आहे, व तो यंत्रालाही ठाऊक नसतो. यंत्राने प्रत्यक्षात पाहिलेले असतात ते केवळ दोन क्रमांक. प्रत्येक डिस्कच्या वर्णन-नोंदीत सीआयडी हा आठ षोडशमान अंकांचा क्रमांक असतो. डिस्क उघडल्यावर तिच्यात पहिला बदल होताच तो पालटतो. अपत्याच्या नोंदीत जनकाचा क्रमांक पॅरेंटसीआयडी म्हणून उतरलेला असतो. (जिला जनक नाही अशा डिस्कपुढे तेथे ‘एफ’ हे अक्षर आठ वेळा येते.) हे दोन क्रमांक जुळत नाहीत, एवढेच यंत्राचे ज्ञान, ‘बदल’ हे त्यावरून काढलेले अनुमान होय. जनक डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून चालविली असेल, तरी हाच संदेश येईल. तिची वर्णन-नोंद जुन्या प्रतीवरून परत आणली असेल, तरीही हाच.

म्हणून उपायाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम यंत्र बंद करून संपूर्ण फोल्डरची प्रत अन्यत्र ठेवावी. नंतर यंत्राच्या लॉग-फाइलीतून न जुळणारी कडी शोधावी आणि अपत्याच्या नोंदीत जनकाचा चालू क्रमांक लिहावा. असे केल्याने संदेश निश्चित नाहीसा होतो. धोका आहे तो येथेच. जनकाचा मजकूर खरोखरच बदलला असेल, तर जुन्या दुरुस्त्या नव्या पानावर बसतील आणि फाइलींची रचना बिघडेल. वर्षभर जमविलेली बोलीभाषांची सामग्री अशा यंत्रात असल्यास क्रमांक जुळविण्याची घाई करू नये.

जागा संपल्याचा संदेश तुलनेने सरळ आहे. तथापि ती जागा यजमान साठ्यातील असते; आभासी यंत्राच्या आत मोकळी जागा दिसते म्हणून संदेश खोटा ठरत नाही, आणि आतील फाइली पुसून सहसा भागत नाही. स्नॅपशॉटची साखळी ३२ कड्यांपर्यंत चालत असली, तरी निर्मात्यांची शिफारस दोन-तीनच ठेवण्याची व एकही ७२ तासांपलीकडे न ठेवण्याची आहे.

साखळी वाढते ती बहुधा ‘डिलीट’ या शब्दाच्या भीतीने. वस्तुतः त्या आज्ञेने अपत्यातील फेरफार पुसले जात नाहीत, ते जनकात विलीन होतात. जाते ते केवळ मागे परतण्याचे स्थान. चालू काम गमावले जाते ते ‘रिव्हर्ट’ या निरुपद्रवी वाटणाऱ्या आज्ञेने. अपत्याची फाइल हाताने पुसणे मात्र या दोहोंहून निराळे. त्यात फेरफारही जातात आणि साखळीही तुटते.