मोटरच्या तारेतून घडते चिमणी

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात नव्या तारेचे तुकडे उरतात अन् किलोच्या भावानं भंगारात जातात. त्याच तारेचं चिमणीच्या आकाराचं पेंडंट विणलं, तर दाम वजनाचा नव्हे, हाताच्या कामाचा मिळतो. बचत गटातील भगिनींना उन्हाळ्यात करण्याजोगा हा जोडधंदा आहे.

कृती : १८ गेजची (सुमारे १.२ मि.मी.) तार घ्या. वरचा लेप पॉलिश पेपरनं खरवडा. तांबं वाकवून वाकवून ताठ होतं, मग तुटतं. म्हणून आधी तार मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, मऊ पडते. कागदावर चिमणी काढून त्या रेषेवर तार वाकवा. दोरा ओवायला वर कडी ठेवा. पंखासाठी पाठीच्या तारेलगत दुसरा तुकडा धरून २८ गेजची बारीक तार एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, टोपली विणतो तशी फिरवा. वेढे नखानं सरकवून घट्ट बसवा. टोचणारी टोकं कानशीनं घासा. काळेपणा चिंच-मिठानं निघतो. घामानं अंगावर हिरवा डाग पडतो, म्हणून मागून पारदर्शक लॅकर द्यावा.

दक्षता : जळालेली वाइंडिंग घेऊ नये. ती व्हार्निशनं चिकटलेली असते अन् लेप जाळल्याचा धूर छातीला वाईट. पावतीशिवाय तार तर घेऊच नका. रोहित्रातलं तांबं चोरीला गेलं की उभं पीक पाण्यावाचून वाळतं. असा माल आपल्या गटात येता कामा नये. सरपंच-ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी खरेदीची नोंद वहीत ठेवायला लावावी.

सुरुवातीला पाचच नग करून आठवडी बाजारात दाखवा. मागणी पाहून मगच पुढची तार आणा.