आधी अश्वांची शुश्रूषा, मग रथाची पूजा

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी आणि दुसरे दिवशी विजयादशमी. या दोन दिवसांत घरोघरी शस्त्रे, अवजारे, पोथ्या आणि वाहने यांचे पूजन होते. दाराशी उभ्या असलेल्या मोटारीलाही झेंडूची माळ चढते, हळदकुंकू लागते, चाकापुढे नारळ वाढविला जातो. ज्यांच्या आधारे आपला प्रपंच चालतो, त्यांच्याविषयीची ही कृतज्ञता होय. परंतु ज्या वाहनाला आपण फुले वाहतो, त्याचा श्वास मोकळा आहे की कोंडला आहे, हे पाहणे हासुद्धा पूजेचाच भाग आहे. हा धडा आम्हांस साठी उलटल्यावर पसरणीच्या घाटाने दिला.

गेल्या नवरात्रात सप्तमीस पाचगणीला आमचे कीर्तन होते. वाईहून निघालो. गाडीत पेटीवाले व तबलजी होते आणि आमचे चिरंजीव गाडी चालवीत होते. चढावर पुढे एक भरलेला ट्रक होता. वाट मोकळी दिसली म्हणून चिरंजीवांनी गाडी बाहेर काढली, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. पण गाडी वेग घेईना! तेवढ्यात वळणावरून समोर बस आली. चिरंजीवांनी प्रसंगावधान राखून गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली. कुलस्वामिनीची कृपा, एवढेच आम्ही म्हणू शकलो. त्या रात्री कीर्तनात आमचा सूर बराच वेळ स्थिर होईना.

खरे तर चूक आमचीच होती. ‘गाडी जड चालते’ असे चिरंजीव चार महिने सांगत होते. कोणीसे सुचविले म्हणून आम्ही स्पार्क प्लग तेवढे बदलून घेतले आणि स्वस्थ बसलो. माधवकरांच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत : हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. ती इतरांस शिकविणाऱ्या आम्ही निदानावाचूनच औषध दिले होते.

अष्टमीस सकाळीच मिस्त्रींकडे गेलो. नवमीस त्यांचे पाने-पक्कड पूजेला बसतात, मग कोणी हत्यार उचलीत नाही. त्यांनी प्रथम हत्यार घेतलेच नाही, प्रश्न विचारला, “बुवा, पेडल दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी चढत नाही, की आवाजच चढत नाही?”

या एका प्रश्नात निम्मे निदान होते. आवाज चढून गाडी मागे राहत असेल, तर क्लच घसरत असण्याचा संभव अधिक. सपाटीवर मोकळी सोडलेली गाडी लवकर थांबत असेल आणि एखादे चाक फार तापत असेल, तर ब्रेक धरून राहिला आहे असे समजावे. आवाजच चढत नसेल, तर हवा, पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी काही कमी पडते आहे. आमच्या गाडीचे रूप हे तिसरे होते. सिग्नलला इंजिन थरथरणे आणि पेट्रोल अधिक लागणे ही पूर्वरूपे आम्ही दुर्लक्षिली होती.

मिस्त्रींनी पायाखालची जाड चटई काढली. ती पेडलच्या आड येत होती. गाडी जुनी, केबलची. ती केबल सैल पडल्याने पेडल दोन बोटे खाली गेल्यावर मग थ्रॉटलची झडप हलू लागे आणि पेडल तळाला टेकले तरी ती पुरती उघडत नसे. पुष्कळांस वाटते की पेडलने पेट्रोल सुटते. वस्तुतः पेट्रोलच्या गाडीत ही झडप हवेचा मार्ग उघडते आणि त्या हवेच्या मानाने पेट्रोल दिले जाते. एअर फिल्टर बाहेर काढला, तो धुळीने मातकट झालेला. रस्त्याच्या कामाची धूळ हा हेतू. नवा फिल्टर घालून चक्कर मारली तेव्हा निम्मा गुण आला, हा उपशय. मग नळी सोडविली, तर झडपेच्या कडेला काळा थर. इंजिनातील तेलकट वाफा तेथे साठून झडप अडकत होती, ही संप्राप्ती. थंड इंजिनावर, योग्य द्रावणाने भिजविलेल्या कापडाने त्यांनी तो थर पुसला, केबल ताणून दिली. प्लगना हातही लावावा लागला नाही.

नव्या गाड्यांत केबल नसते. पेडलचा संदेश विजेने जातो आणि लहान मोटार झडप उघडते. तेथे झडप बोटाने रेटू नये, यंत्रणा बिघडते. इशाऱ्याचा दिवा लागला असेल, तर यंत्र लावून दोष वाचून घ्यावा.

हे पाहताना आम्हांस महाभारतातील द्रोणपर्व आठवले. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध न झाल्यास अग्निप्रवेश करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक पळ मोलाचे. आणि अश्व थकलेले, बाणांनी विद्ध. तरीही भगवंतांनी भर रणांगणात रथ सोडला. अर्जुनाने बाणाने जल काढले, बाणांचेच घर उभारले आणि पायउतार होऊन शत्रू थोपविला. भगवंतांनी स्वहस्ते अश्वांच्या अंगातील शल्ये उपटली, त्यांना चोळले, पाणी पाजले आणि मग पुन्हा रथ जोडला. प्रत्यक्ष पार्थसारथीला जे काम हलके वाटले नाही, ते आपण ‘वेळ नाही’ म्हणून टाळावे काय?

म्हणून गृहस्थाश्रमी वाचकांस आमची विनंती, पूजेच्या आधी एक दिवस वाहनाच्या शुश्रूषेस द्या. माळ घाला, पण समोरची जाळी किंवा काच झाकेल अशी नको. निघण्यापूर्वी ती उतरून ठेवा. आपट्याचे सोने घेऊन आप्तांच्या घरी जाल, तेव्हा गाडीत आपलीच माणसे बसलेली असतील. ती सुखरूप परत येणे, हेच खरे सीमोल्लंघन. श्रीपार्थसारथी सर्वांचे रक्षण करो.