एक प्रत परगावी

२६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या तळमजल्यावरच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. भांडी धुऊन घेतली, गाद्या टाकून दिल्या. संगणक मात्र कायमचा गेला आणि त्याच्याबरोबर आईच्या जात्यावरच्या ओव्या गेल्या.

आई त्याआधीच वारली होती. तिच्या साठेक ओव्या मी टेपवरून ऐकून टाइप केल्या होत्या. ‘माझ्याकडे बॅकअप आहे’ असं मी तोऱ्यात सांगत असे. होताही! पण ती सीडी आणि मूळ टेप, दोन्ही त्याच टेबलाच्या खणात. वाचल्या त्या फक्त पंचवीस, कारण तेवढ्या मी नाशिकच्या मावसबहिणीला ई-मेलनं पाठवल्या होत्या.

तेव्हा उमगलं, की एकाच ठिकाणच्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. एकाच पाण्यात दोन्ही बुडतात.

मोठ्या संस्था काय करतात? गूगलच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये आपल्या साठवणीची रचना एका निबंधात मांडली. हजारो साध्या संगणकांपैकी काही सतत बंद पडणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. फाइलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या. कोणता तुकडा कुठं आहे, याची वही एक मुख्य संगणक सांभाळतो आणि बाकीच्यांची हजेरी घेतो. एखाद्यानं ‘हजर’ म्हटलं नाही, की उरलेल्या प्रतींवरून नवी प्रत तयार होते.

तीन प्रतींना तिप्पट जागा लागते. त्यावर गणिताचा तोडगा आहे. समजा, एका यंत्रावर ७ हा आकडा ठेवला, दुसऱ्यावर ५ आणि तिसऱ्यावर त्यांची बेरीज, १२. आता कोणतंही एक यंत्र बिघडू द्या, उरलेल्या दोघांवरून हरवलेला आकडा काढता येतो. जागा मात्र दीडपटच लागली. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली पद्धत याच्या पुष्कळ पुढची आहे. तिच्यात एकाहून अधिक तुकडे हरवले तरी भरून काढता येतात.

पण प्रत न हरवता नुसतीच बिघडली तर? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९९ मध्ये ‘लॉक्स’ हा उपक्रम सुरू झाला. त्या इंग्रजी नावाचा अर्थच ‘पुष्कळ प्रती, म्हणून ठेवा सुरक्षित’ असा आहे. निरनिराळ्या ग्रंथालयांतले संगणक आपापल्या प्रती एकमेकांशी ताडून पाहतात. एखादी प्रत बहुतेकांशी जुळली नाही, तर ती इतरांवरून दुरुस्त होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी ठिकठिकाणच्या पोथ्या ताडल्या गेल्या, त्याची मला इथं आठवण होते. तिथं मात्र निवाडा विद्वानांचा होता.

एक धोका मात्र उरतोच. जोडलेल्या सगळ्या प्रती एकमेकींचं अनुकरण करतात. तुम्ही चुकून फाइल पुसलीत, तर ती सगळीकडून पुसली जाते. म्हणून एक प्रत जुन्या तारखेची आणि जाळ्यापासून तोडलेली हवी. आणि ती अधूनमधून उघडून पाहायला हवी. पिक्सार कंपनीत १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ चं काम चुकून पुसलं गेलं, तेव्हा बॅकअपही नीट चालत नसल्याचं आढळलं. चित्रपट वाचला तो एका तंत्रज्ञ बाईंच्या घरच्या संगणकावरल्या प्रतीमुळे.

आज माझ्याकडे त्या पंचवीस ओव्यांच्या तीन प्रती आहेत. एक संगणकात, एक कपाटातल्या हार्ड डिस्कवर आणि एक नाशिकला. दर दिवाळीला बहीण तिच्याकडची प्रत उघडून फोनवर एक ओवी वाचून दाखवते. उरलेल्या पस्तीस आठवायचा मी प्रयत्न करतो. चाल आठवते, शब्द येत नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)