चष्मा नको, तर अंगण द्या!

कसाऱ्याहून विहीगावच्या रस्त्याने वर चढले की मोखाडे तालुक्यातले खोडाळा गाव लागते. गेल्या हिवाळ्यात मी पुतण्याला घेऊन तिकडे गेलो होतो. पोर नऊ वर्षांचे, पण नंबर उणे अडीच! माळावर त्याच्याच वयाची दोन वारली मुले गुरे राखत होती. समोरच्या टेकाडावरची ठिपक्याएवढी गाय कुणाची, हे ती बिनचूक सांगत. आमच्या चिरंजीवांना चष्मा काढल्यावर टेकाडच धूसर!

"काका, मी फार वाचतो म्हणून मला चष्मा लागला का?"

बहुतेक आया हेच सांगतात. पण ते अर्धेच खरे. ऱ्हस्वदृष्टीत डोळा मागच्या बाजूला लांबतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. एक मिलिमीटर लांबी वाढली की नंबर सुमारे अडीचने वाढतो. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. म्हणून गाजराचा रस वा डोळ्यांचे व्यायाम यांनी नंबर उतरत नाही. (गाजर अवश्य खावे, 'अ' जीवनसत्त्वाअभावी येणारे रातांधळेपण त्याने टळते.)

मग डोळा लांबतो कशाने? आईबापांना चष्मा असला तर मुलाला धोका अधिक, हे खरेच. पण 2008 साली एक मौजेची पाहणी प्रसिद्ध झाली. सिडनी आणि सिंगापूर येथील सहा-सात वर्षांची, चिनी वंशाचीच मुले तपासली. सिंगापुरात शंभरांत 29 ऱ्हस्वदृष्टी, सिडनीत अवघी तीन! आणि पुस्तके जास्त वाचत होती ती सिडनीची मुले. फरक होता उन्हाचा: सिडनीची मुले आठवड्यात सुमारे पावणेचौदा तास घराबाहेर, सिंगापूरची जेमतेम तीन. लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामीन स्रवते आणि डोळ्याच्या वाढीला लगाम बसतो, असे शास्त्रज्ञ मानतात. दिव्याचा उजेड कितीही वाटला, तरी बाहेरच्या झाडाच्या सावलीतला उजेडही त्याच्या कितीतरी पट असतो. चीनमधील ग्वांगझौच्या शाळांत मुलांना रोज 40 मिनिटे जादा बाहेर सोडले. तीन वर्षांत नव्याने ऱ्हस्वदृष्टी आलेल्यांचे प्रमाण त्या शाळांत शेकडा 30.4 राहिले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर शाळांत 39.5. हा प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला.

म्हणून खेड्यातले दैन्य डोळ्यांना मानवते, असे मात्र कुणी समजू नये. तिथेही एखाद्याला नंबर असतो. फळा दिसत नाही म्हणून तो 'ढ' ठरतो, इतकेच.

तेव्हा मुलांना रोज दोन तास बाहेर पिटाळा. यंदा किल्ला गॅलरीत नको, खाली आवारात होऊ द्या! पुस्तक आणि मोबाइल हातभर लांब धरू द्या, मधूनमधून नजर खिडकीबाहेर जाऊ द्या. एकदा चष्मा लागलाच, तर तो पुऱ्या नंबरचाच द्या. कमी नंबर दिल्याने डोळा सुधारतो, ही समजूत चुकीची आहे. नंबर भराभर वाढत असेल, तर नेत्रतज्ज्ञ अॅट्रोपिनचे सौम्य थेंब देतात. ते आपल्या मनाने आणू नयेत. फार मोठा नंबर पुढे डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका वाढवतो. मूल डोळे बारीक करून पाहू लागले, दूरदर्शन संचाला नाक लावू लागले, की रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या.