घरगुती हवामान यंत्र आणि खारजमिनीचे रक्षण

घरगुती हवामान यंत्रावर हवेचा दाब, चंद्राची कला व भरती-ओहोटी अशा तीन नोंदी दिसतात. यांपैकी प्रत्यक्ष मोजला जातो तो केवळ दाब. उरलेल्या दोन नोंदी पंचांगाप्रमाणे गणिताने काढलेल्या असतात. कोकणातील खारजमिनीच्या शेतकऱ्याने हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एकत्र होऊन उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची येते. तिथीची पाऊणपट केली असता भरतीची अदमासे वेळ निघते. उदाहरणार्थ, चतुर्थीस ३ वाजता.

परंतु समुद्रावरील वादळ तिथीवरून कळत नाही. त्याची चाहूल दाबावरून लागते. दाब १ हेक्टोपास्कल, म्हणजेच १ मिलिबार, उतरला की समुद्राची पातळी सुमारे १ सेंटिमीटर चढते. वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेल्या पाण्याची भर निराळीच. मात्र दाब रोजच सकाळी १० च्या सुमारास चढतो व दुपारी ४ च्या सुमारास उतरतो. म्हणून आजची नोंद कालच्या त्याच वेळेच्या नोंदीशी ताडून पाहावी.

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ पौर्णिमेच्या दोनच दिवस आधी आले होते. उधाणाचे दिवस असून दाब सतत उतरत असेल, तर ओहोटी असतानाच उघाडीची झडप व बांधातील खेकड्यांची बिळे तपासून घ्यावीत आणि हवामान खात्याच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवावे. वादळ सुरू झाल्यावर बांधावर जाऊ नये. बांधास खांड पडून खारे पाणी शिरले, तर उभे भात जाते आणि जमिनीतील मीठ धुऊन निघेपर्यंत पुढील पीकही धोक्यात येते.